दुखायचं थांबलं, तिथून पुढे

प्रिय केतकी,

अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज मिळाला. टाक्यांच्या जागा भरल्या, रात्रीची गोळी बंद झाली, गुडघा आता दुखतच नाही, हे वाचून आईचा आणि माझा जीव भांड्यात पडला. पण शेवटी तू विचारलंस, "मग आता कुबड्या कशाला?" त्याचं उत्तर दोन ओळींत देऊन भागणार नाही, म्हणून हे पत्र. लांबेल, पण सवडीने सगळं वाच.

आधी एक गोष्ट. तुझा गुडघा आतून तुझ्या सर्जननी पाहिलाय, आणि रोज हात लावून बघतात त्या तुझ्या फिजिओ मॅडम. किती अंश वाकवायचा, किती वजन टाकायचं, हे तेच ठरवणार. मी जन्मभर फिजिओथेरपीच केली असली तरी फोनवर ऐकून त्यात बदल सुचवणार नाही, आणि तूही माझं नाव सांगून त्यांच्याकडे सवलत मागू नकोस. मला फक्त त्या नियमांमागचं कारण सांगायचंय. मी पाहिलंय, नुसता नियम पाठ असलेला पेशंट कंटाळा आला की तो मोडतो. ज्याला कारण पटलंय तो सहसा मोडत नाही.

कारण असं आहे. तुझं ऑपरेशन झालं ती कूर्चा म्हणजे मांडीच्या हाडाच्या टोकावरचा पांढरा, गुळगुळीत थर. जाडी साधारण दोन ते चार मिलिमीटर. त्यात मज्जातंतू नाहीत, त्यामुळे ती स्वतः कधी दुखत नाही. ऑपरेशनआधी तुला चालताना जी कळ यायची ती खालच्या हाडातून आणि सांध्याच्या अस्तरातून येत होती. ऑपरेशननंतर दुखलं ते कातडी, टाके, अस्तर आणि सूज यांच्यामुळे. ते सगळं आता बरं झालं, म्हणून दुखणं थांबलं. पण ज्या जागेसाठी हा खटाटोप केला, ती जागा आज कोणत्या अवस्थेत आहे हे तुला कळायला आतून कुठलीच खूण मिळत नाही. ती जागा आजही मऊ आहे, दाब पडला तर खचेल, घसट बसली तर कडेने सुटेल, आणि तसं होत असताना तुला बहुधा काहीच जाणवणार नाही. या अख्ख्या उपचारातला सगळ्यात जोखमीचा काळ म्हणजे दुखायचं थांबल्यापासून ती जागा खरोखर घट्ट होईपर्यंतचा. तो काळ तुझा आत्ता सुरू झालाय.

तू व्हॉलीबॉलची खेळाडू आहेस. दुखलं तरी खेळत राहायचं आणि दुखायचं थांबलं की मैदानावर उतरायचं, असंच तू लहानपणापासून शिकलीस. स्नायू लचकला तर ते बऱ्याच अंशी चालूनही जातं, कारण स्नायूत भरपूर रक्त फिरतं, तो लवकर भरतो आणि काही बिघडलं की ओरडून सांगतो. कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात. पेशी असतात त्याही जेमतेम काही टक्के, बाकी बहुतेक पाणी आणि त्याला धरून ठेवणारं तंतूंचं जाळं. त्यामुळे जखम झाली तर ती भरायला तिथे कुणी पोचतच नाही. विल्यम हंटर नावाच्या शरीररचनातज्ज्ञाने १७४३ साली लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे एक निबंध वाचला होता. कूर्चा एकदा नष्ट झाली की ती परत येत नाही, असं त्याने त्यात लिहून ठेवलं. त्यानंतर दोनशेहून अधिक वर्षं सर्जन लोकांच्या हाती त्यावर फारसं काही नव्हतं.

मग वाटा सापडत गेल्या. १९८०च्या दशकात अमेरिकेतल्या रिचर्ड स्टेडमन यांनी कूर्चा गेलेल्या जागी हाडाला बारीक भोकं पाडायला सुरुवात केली, म्हणजे हाडातला मगज बाहेर येऊन तिथे साकळतो आणि त्यातून नवा थर धरतो. तो थर मूळ कूर्चेइतका चांगला नसतो, पण छोट्या जखमेत उपयोगी पडतो. हंगेरीच्या लास्लो हांगोडी यांनी गुडघ्यातल्याच कमी भार येणाऱ्या जागेवरून हाडासकट कूर्चेचे छोटे गोल तुकडे काढून जखमेत बसवायची पद्धत रूढ केली. आणि तुझं ऑपरेशन ज्या घराण्यातलं आहे त्याची सुरुवात स्वीडनमधल्या गॉथेनबर्गची. लार्स पीटरसन, मॅट्स ब्रिटबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये पहिल्यांदा पेशंटच्याच कूर्चेतल्या पेशी काढून, प्रयोगशाळेत वाढवून परत त्याच्या गुडघ्यात घातल्या. १९९४ मध्ये त्यांनी न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये २३ पेशंटचा अनुभव छापला, तेव्हा जगभर खळबळ उडाली. मी ते वाचलं तेव्हा तरुण होतो. आपल्या मुलीच्या गुडघ्यासाठी याच गोष्टीवर विसंबावं लागेल, असं तेव्हा मनातही आलं नव्हतं.

तुझ्या बाबतीत म्हणूनच दोन ऑपरेशनं झाली. पहिल्यात दुर्बिणीतून चिमूटभर कूर्चा काढली. मधले आठवडे पेशी वाढवण्यात गेले. दुसऱ्यात त्या पेशी लावलेला पातळ पडदा जखमेच्या मापाने कापून चिकटवला. आज त्या पेशी जिवंत आहेत, वाढताहेत आणि आपल्याभोवती तंतू विणायला लागल्या आहेत. पण विणकाम कच्चं आहे. पहिले सहा आठवडे ती जागा अगदी मऊ असते. पुढच्या महिन्यांत हळूहळू घट्ट होत जाते. आजूबाजूच्या मूळ कूर्चेच्या जवळपास टणक व्हायला वर्ष-दीड वर्ष लागतं, काहींना त्याहूनही जास्त. व्यायाम जोरात केल्याने हा वेग वाढत नाही. स्नायूंची ताकद तुझ्या मेहनतीवर अवलंबून आहे. पेशींना मात्र त्यांचा वेळ लागतोच.

आता तू विचारशील, मग सरळ पडूनच का राहू नये? इथेच सगळी मेख आहे. कूर्चेला रक्त मिळत नाही, तर ती जगते कशावर? सांध्यातल्या वंगणावर. भार पडला की ओला स्पंज दाबावा तसं तिच्यातलं पाणी बाहेर निघतं, भार गेला की ताजं द्रव आत शिरतं आणि त्याबरोबर पेशींचं अन्नही. सांधा हललाच नाही तर पेशी उपाशी राहतात. तू ज्या यंत्राला कंटाळली होतीस, पाय त्यात ठेवून तासन् तास संथ वाकवायचा आणि सरळ करायचा, ते याचसाठी होतं. टोरांटोचे रॉबर्ट सॉल्टर यांनी सशांच्या गुडघ्यावर हे करून पाहिलं. कूर्चेला भोकं पाडलेले काही गुडघे त्यांनी प्लॅस्टरमध्ये जखडले, काही ससे पिंजऱ्यात मोकळे सोडले आणि काहींचे गुडघे यंत्राने सतत संथ हलवत ठेवले. १९८० मध्ये त्यांनी निकाल छापले. हलवत ठेवलेल्या गुडघ्यांतली भोकं बाकीच्यांपेक्षा कितीतरी चांगली भरली होती. त्याआधी गुडघ्याच्या बऱ्याच ऑपरेशनांनंतर पाय प्लॅस्टरमध्ये घालायचा रिवाज होता.

तेव्हा दोन्ही बाजूंनी सांभाळायचं आहे. जास्त भार टाकला तर कच्चं विणकाम उसवतं, अजिबात टाकला नाही तर ते धरत नाही. मॅडम दर आठवड्याला थोडं थोडं वाढवतात ते हा हिशोब मनात ठेवून. त्या उगाच घाबरतात म्हणून वेळ लावतात, असं समजू नकोस.

तुझ्या दुसऱ्या तक्रारीबद्दल. तुझ्याच आसपास ऑपरेशन झालेली ती दुसरी मुलगी पहिल्या आठवड्यापासून पूर्ण वजन टाकून चालते आणि तुला मात्र आतापर्यंत पाऊल नुसतं टेकवायला सांगितलं होतं, असं तू लिहिलंस. तिची जखम गुडघ्याच्या वाटीमागच्या खाचेत आहे, हे तूच सांगितलंस. तुझी मांडीच्या हाडाच्या आतल्या गोलाव्यावर आहे, जिथे उभं राहिल्याबरोबर शरीराचा भार थेट येतो. तिच्या त्या खाचेवर पाय सरळ असताना भार जवळजवळ नसतोच. गुडघा वीस-तीस अंश वाकला की वाटी खाचेत नीट बसते आणि मग तिथे दाब सुरू होतो. म्हणून तिला ब्रेस, म्हणजे गुडघ्याला बांधायचा आधार, सरळ लॉक करून चालू देतात, पण भार घेऊन गुडघा वाकवू देत नाहीत. जिना, खुर्चीतून उठणं, उकिडवं बसणं या गोष्टी तिला तुझ्यापेक्षा जास्त काळ जपायच्या आहेत. ऑपरेशनचं नाव एक असलं तरी जागा बदलली की नियम उलटे होतात. तेव्हा कुणाचं बघून काही करू नकोस, आणि तिलाही तुझं काही शिकवू नकोस. तुझ्या टीममधली ती मैत्रीण दुर्बिणीच्या ऑपरेशननंतर काही दिवसांत चालायला लागली होती, तिची गुडघ्यातल्या दोन हाडांमधली फाटलेली गादी नुसती कापून साफ केली होती. तिथे काही उगवायचंच नव्हतं.

आता कामाचं बोलतो. सगळ्यात आधी गुडघा पूर्ण सरळ होतो ना, ते रोज बघ. वाकण्याची सगळ्यांना घाई असते, किती अंश झाले हे विचारतात. सरळ होण्याकडे कुणी लक्ष देत नाही. पण पाच अंश जरी कमी सरळ झाला तरी माणूस लंगडतो, मांडीचा स्नायू सतत ताणलेला राहतो आणि वाटीवर दाब वाढतो. झोपताना गुडघ्याखाली उशी घेऊ नकोस. फार बरं वाटतं, पण गुडघा त्याच वाकलेल्या स्थितीत आखडतो. उशी घ्यायचीच असेल तर टाचेखाली घे.

दुसरी गोष्ट मांडीच्या पुढच्या स्नायूची, आणि यावर मी थोडा रेंगाळणार आहे. ऑपरेशननंतर तो किती झपाट्याने वाळतो ते तू आरशात बघितलंच असशील. पण वाळण्याआधीच तो बंद पडलेला असतो. गुडघ्यात पाणी साचलं की मेंदूकडून स्नायूला जाणारा हुकूमच दाबला जातो. वीस-तीस मिलिलिटर पाण्याने, म्हणजे चार-सहा चमचे पाण्याने, मांडीच्या आतल्या बाजूचा स्नायू काम करेनासा होतो. डोळ्यांना एवढी सूज दिसतसुद्धा नाही. म्हणून तुला सुरुवातीला पाय उचलता येत नव्हता आणि तू रडकुंडीला आली होतीस. तुझी ताकद कुठे गेली नव्हती, हुकूम पोचत नव्हता. यावर उपाय दोन. सूज उतरवणं, आणि तो स्नायू पुन्हापुन्हा मुद्दाम आवळून हुकुमाची वाट मोकळी करणं. पाय सरळ ठेवून गुडघा खाली दाबायचा, वाटी वर सरकताना दिसली पाहिजे, दहापर्यंत मोजायचं, सोडायचं. दिसायला इतका क्षुल्लक व्यायाम की लोक तो सोडून देतात. तू सोडू नकोस. दिवसातून एकदा शंभर वेळा करण्यापेक्षा जागेपणी दर तासाला थोडा थोडा कर. स्नायूला विजेचे हलके झटके देणारं यंत्र मॅडम लावत असतील तर झटका आला की स्वतःही जोर लाव, नुसती पडून राहू नकोस.

आणि हे जितकं म्हणावं तितकं थोडं: पायाला वजन बांधून, खुर्चीत बसून पाय सरळ करायचा तो जिममधला व्यायाम मॅडमनी सांगितल्याशिवाय करायचा नाही. त्यात वाटीमागे दाब आणि सांध्यात घसट दोन्ही येतात. तुझ्या पेशींना सरळ दाब हळूहळू झेलता येईल, घसट आत्ता मुळीच नाही. पाय जमिनीवर टेकलेला असताना अचानक वळणं हीसुद्धा घसटच. न्हाणीघरात, अरुंद जागेत, कुणी हाक मारली म्हणून मागे वळताना हे होतं. वळायचं तेव्हा छोटी छोटी पावलं टाकून अख्खं अंग वळव.

वजन टाकण्याबद्दल. डॉक्टरांनी आता थोडं थोडं वजन टाकायला सांगितलंय, ते किती हे पायाला अंदाजाने कळत नाही. ज्याला विचारावं तो म्हणतो थोडंसंच टाकलं, आणि प्रत्यक्षात निम्मं अंग त्या पायावर असतं. घरी वजनकाटा आहे ना? कुबड्या धरून उभी राहा, ऑपरेशनचा पाय काट्यावर ठेव, दुसरा पाय तेवढ्याच उंचीवर. सांगितलेला आकडा येईपर्यंत दाब. पाच-दहा वेळा कर, मग काट्याकडे न बघता दाब आणि नंतर बघ. दोन-तीन दिवसांत पायाला ते माप कळायला लागतं. पण लक्षात ठेव, साध्या चालण्यातही गुडघ्यावर शरीराच्या वजनाच्या अडीचपट भार येतो, जिना उतरताना तो तिपटीच्याही वर जातो. काट्यावरचा आकडा हा उभं राहण्याचा आकडा आहे.

कुबड्यांचा भार हातांवर घ्यायचा, काखेत नाही. काखेत दाब आला की हाताला मुंग्या येतात. जिना चढताना आधी चांगला पाय, उतरताना आधी कुबड्या आणि ऑपरेशनचा पाय. आणि कुबड्या सोडायच्या कधी, तर लंगडणं पूर्ण गेल्यावर. पायात बळ आलं किंवा दुखत नाही म्हणून नव्हे. लंगडत चालण्याची चाल काही आठवड्यांत अंगवळणी पडते आणि मग ती मोडायला महिने जातात, दरम्यान कंबर आणि दुसरा गुडघा तक्रार करायला लागतात. दोन कुबड्यांवरून एकीवर येशील तेव्हा ती एक चांगल्या पायाच्या बाजूच्या हातात धर. बहुतेक जण उलटं धरतात.

जास्त झालं का हे कसं ओळखायचं? व्यायाम करताना काय वाटलं त्यावर जाऊ नकोस. दुसऱ्या दिवशी सकाळी गुडघा बघ. वाटीच्या मधोमध टेप लावून घेर मोज, रोज त्याच वेळी, उठल्या उठल्या. आदल्या दिवशीपेक्षा वाढला असेल, गुडघा जड किंवा गरम लागत असेल, सरळ करताना अडखळत असेल, तर काल जे नवीन केलंस ते जास्त झालं. एक-दोन दिवस मागे ये, आधीच्या पायरीवर राहा, बर्फाचा शेक पंधरा-वीस मिनिटं, मध्ये कापड ठेवून. सूज ही तुझ्याकडे असलेली सगळ्यात खरी साक्ष आहे. कूर्चा बोलत नाही, पण सांध्याचं अस्तर बोलतं, आणि ते पाणी सोडून बोलतं. म्हणूनच दुखणं मारणारी गोळी घेऊन व्यायाम करायचा नाही. गोळीने ती साक्षच पुसली जाते. एका वहीत तारीख, घेर, वाकणं, नवीन काय केलं, एवढं लिहीत जा. मॅडमना ती वही दाखव, त्यांचं काम सोपं होईल.

सायकलचं तू विचारलंस. एका जागी बसवलेली सायकल तुझ्या पेशींना फार मानवते, कारण हालचाल भरपूर आणि भार थोडा. पूर्ण फेरा मारायला गुडघा साधारण १०५ ते ११० अंश वाकावा लागतो, तोवर पुढे-मागे अर्धे फेरे मारायचे. सीट उंच ठेव, ताण अगदी शून्यावर. घाम आला नाही म्हणून ताण वाढवू नकोस, ती सायकल घामासाठी नाहीच. पाण्यातलं चालणंही उत्तम. कमरेपर्यंतच्या पाण्यात अंगाचं निम्मं वजन उरतं, छातीपर्यंतच्या पाण्यात सुमारे एक तृतीयांश. मात्र जखमा पूर्ण बंद झाल्यावर, डॉक्टरांनी हो म्हटल्यावरच. ओल्या फरशीवर कुबड्या घसरतात, तिथे कुणाला तरी बरोबर ने.

आता पुढच्या काळाबद्दल आजच सांगून ठेवतो, कारण तो आला की तू माझं ऐकायच्या मनःस्थितीत नसशील. तिसरा महिना संपेल तेव्हा तू कुबडीशिवाय नीट चालत असशील. सहाव्या महिन्यात जिने चढशील, लांब फिरायला जाशील, बघणाऱ्याला कळणारही नाही तुझं काही झालं होतं. त्या वेळी सगळे म्हणतील, आता खेळ की. तुझंही मन म्हणेल. त्या वेळी तुझे स्नायू तयार झालेले असतील आणि त्यांच्या आतली ती जागा मागे राहिलेली असेल, दाबलं तर अजून खचणारी. चांगले भरत आलेले गुडघे मी याच महिन्यांत परत सुजलेले पाहिलेत. कारण प्रत्येक वेळी साधंच, कुणीतरी हौसेने घेतलेली एक धाव, एक उडी. तुझ्या प्रकारच्या ऑपरेशननंतर सरळ रेषेत हलकं धावणं साधारण नऊ महिन्यांच्या पुढे आणि उड्या, अचानक वळणं असलेला खेळ वर्ष ते दीड वर्षाने, असा ढोबळ हिशोब धर. व्हॉलीबॉलमध्ये तर उडी मारून खाली उतरणं हाच खेळ आहे. आणि तारीख आली म्हणजे परवानगी मिळाली असंही नाही. मांडीची ताकद दुसऱ्या पायाच्या निदान नव्वद टक्के हवी, एका पायावर उडी मारून तितक्याच अंतरावर तितक्याच स्थिरपणे उतरता यायला हवं, उतरताना गुडघा आत पडता कामा नये, आणि या सगळ्यानंतर दुसऱ्या दिवशी सूज नको. यात एक खोच आहे. इतके महिने खेळ बंद असल्याने तुझा चांगला पायही कमजोर झालेला असेल, त्याच्या नव्वद टक्के म्हणजे फार मोठी गोष्ट नाही. म्हणून दोन्ही पाय, कंबर आणि पोट यांचा व्यायाम आजपासून चालू ठेव. वरच्या अंगाला तर कसलीच बंदी नाही.

भीतीचंही बोलून घेऊ. पहिल्यांदा त्या पायावर उडी मारायची वेळ येईल तेव्हा अंग नको म्हणेल. बऱ्याच खेळाडूंचं गुडघ्यापेक्षा हेच जास्त दिवस अडतं. त्यात लाजण्यासारखं काही नाही. मॅडमना सांग, त्या अगदी बुटक्या पायरीवरून सुरुवात करून देतील. दडवून ठेवलंस तर अंग नकळत सगळा भार चांगल्या पायावर घेतं आणि मग त्या गुडघ्याला इजा होते.

तू परत पूर्वीसारखी खेळशील का, हे तू अजून विचारलेलं नाहीस, पण तुझ्या मनात आहे हे मला ठाऊक आहे. माझं खरं मत असं, की शक्यता चांगली आहे. तू तरुण आहेस, जखम एकच आणि कडा चांगल्या, तुझे अस्थिबंध (लिगामेंट) शाबूत आहेत, गादी शाबूत आहे. अशा गुडघ्यांत हे ऑपरेशन चांगलं लागतं. पण सगळे परतत नाहीत, आणि परतलेल्यांपैकी काहींना पूर्वीची उंची मिळत नाही, हेही तुझ्यापासून लपवणार नाही. तुला खेळताना बघायला मला फार आवडतं. पण चाळिशीत तू विनातक्रार जिने चढावेस हे मला त्याहून जास्त हवंय, आणि दोन्हींमध्ये निवडायची वेळ आली तर मी काय म्हणेन ते तुला आत्ताच माहीत असावं.

टीमचा सराव बघायला जातेस हे फार चांगलं करतेस. घरी बसून कुढण्यापेक्षा गुण लिहायला बस, नव्या मुलींच्या सर्व्हिसवर लक्ष ठेव. फक्त चेंडू अंगावर आला तर उडी मारून धरायला जाऊ नकोस, कोर्टापासून लांब बस. इतक्या वर्षांची सवय आहे, अंग विचार करायला थांबत नाही.

काही गोष्टी मात्र वहीत लिहून वाट बघण्याच्या नाहीत. एकाच पायाची पोटरी सुजली, घट्ट झाली, दाबल्यावर दुखली, तर लगेच डॉक्टरांना फोन. शिरेत रक्ताची गुठळी झालेली असू शकते. अचानक धाप लागली, छातीत दुखलं, तर फोनही नाही, सरळ इस्पितळात. ताप, गुडघा लाल आणि गरम, टाक्यांतून पाणी, हेही त्याच दिवशी दाखवायचं. आणि पुढच्या महिन्यांत कधी गुडघा अडकला, काहीतरी आत टचकन लागून मध्येच थांबायला लागला किंवा एकदम भरून आला, तर व्यायाम बंद करून दाखव. चिकटवलेला थर सुटला किंवा गरजेपेक्षा जाड वाढला तर अशी लक्षणं दिसतात. दोन्हींवर उपाय आहेत, वेळेवर कळलं तर.

पुढच्या तपासणीला जाशील तेव्हा सर्जनना तीन गोष्टी नक्की विचार: जखमेचं माप किती होतं, ती गुडघा किती अंश वाकल्यावर भाराखाली येते, आणि एमआरआय पुन्हा कधी करायचा. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर फिजिओ मॅडमना लिहून दे, कोणता व्यायाम कुठल्या अंशात टाळायचा हे त्यावरून ठरतं. उत्तरं मलाही कळव. आई त्या आठवड्यात तुझ्याकडे येतेय, तपासणीला तीच बरोबर असेल. मी महिनाअखेरीस येतो, तेव्हा वही बघेन.

तुझा,
बाबा